मागच्या रांगेतली नोंद : पक्षिनिरीक्षणाच्या इतिहासातून काही विचार



सुरुवातीलाच एक तक्रार नोंदवतो. गेली चाळीसहून अधिक वर्षं मी शिकवतोय, व्याख्यानं देतोय. व्याख्यान संपलं की अध्यक्ष विचारतात, "कुणाला काही प्रश्न?" सभागृह एकदम शांत. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येते. मग ठरलेले दोन-तीन गृहस्थ उठतात, आणि त्यांचा प्रश्न म्हणजे बहुधा दुसरं व्याख्यानच असतं. (हशा) आभारप्रदर्शन होतं, नारळ मिळतो, मी जिना उतरायला लागतो. तेवढ्यात मागच्या रांगेत बसलेल्या एखाद्या बाई मला गाठतात आणि म्हणतात, "सर, तुम्ही ते म्हणालात ना, आमच्या गावाकडे ते जरा वेगळं होतं." आणि पुढच्या तीन मिनिटांत त्या असं काही सांगून जातात की, ते मला तासभर आधी माहीत असतं तर मी व्याख्यान बदललं असतं. मी विचारतो, "अहो, हे वर का नाही सांगितलंत?" उत्तर ठरलेलं असतं : "छे हो, त्यात काय सांगायचं?"

आज मी या तीन शब्दांबद्दल बोलणार आहे. "त्यात काय सांगायचं." माणूस गप्प का बसतो, त्याच्या गप्प बसण्याने काय हरवतं, आणि त्याला बोलतं कसं करता येतं. तत्त्वज्ञानाचा माणूस असल्यामुळे हे हवेत बोलत बसण्याचा मोह मला होणार, म्हणून स्वतःला वेसण घालून घेतली आहे. एका छंदाचा इतिहास समोर ठेवतो : आपल्या देशातलं पक्षिनिरीक्षण. कारण हे ज्ञान जवळजवळ सगळं हौशी लोकांनी उभं केलं, आणि हौशी माणूस हा मुळात संकोची असतो.

सुरुवात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्यापासून करू. काँग्रेसच्या स्थापनेमुळे हे नाव आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण त्याआधी हा सनदी अधिकारी पक्ष्यांच्या मागे वेडा झालेला होता. 1872 साली त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' नावाचं नियतकालिक सुरू केलं. स्ट्रे फेदर्स म्हणजे इकडे तिकडे गळून पडलेली पिसं. नावातच धोरण आहे बघा. पूर्ण पक्षी मागितलेला नाही, पीस मागितलंय. कुठे तरी दूरच्या ठाण्यावर असलेला इंजिनिअर, चहामळ्यावरचा व्यवस्थापक, फौजेतला कॅप्टन, यांना कुणी ग्रंथ लिहायला सांगितलं असतं तर त्यांनी हात जोडले असते. पण "तुमच्या भागात हा पक्षी कधी येतो, कधी जातो, घरटं कुठे करतो?" एवढंच विचारल्यावर पत्रं यायला लागली. ह्यूम स्वतः भरपूर लिहीत, फटकळही होते, पण देशभर पसरलेल्या पत्रलेखकांचं जाळं त्यांनी विणलं.

आता एक तारीख लक्षात ठेवा : 1 मार्च 1883. या दिवशी ह्यूम यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. तुम्ही शिकलेली माणसं गप्प का, देशासाठी पुढे येणारे पन्नास जण तरी निघतील की नाही, असा त्या पत्राचा सूर होता. पुढे डिसेंबर 1885 मध्ये मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. मला नेहमी वाटतं की दोन्ही कामांमागे एकच सवय दिसते : ज्यांना काही माहीत आहे पण जे बोलत नाहीत त्यांना गाठायचं, आणि पेलेल एवढंच मागायचं. याला पुरावा म्हणू नका, माझं वाचन म्हणा.

पण ह्यूम यांच्याच बाबतीत एक फार वाईट गोष्ट घडली. भारतीय पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं टिपणं जमवली होती. ती सिमल्याच्या घरी होती. 1884-85 च्या हिवाळ्यात ते तिथे नसताना एका नोकराने ते सगळे कागद बाजारात रद्दी म्हणून विकून टाकले. माणूस खचला. 1885 साली त्यांनी आपला सुमारे 80,000 नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि तो ग्रंथ कधी झालाच नाही. त्यांच्या अभ्यासातलं मग शिल्लक काय राहिलं? ते नमुने, आणि जे छापून इतरांपर्यंत पोचलं होतं ते. घरच्या कपाटात जे जपून ठेवलं होतं ते गेलं. या रद्दीकडे मी परत येणार आहे.

आता मुंबईत येऊ. त्याच 1883 सालच्या 15 सप्टेंबरला आठ माणसं एकत्र आली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. हेतू अगदी साधा होता : महिन्यातून एकदा भेटायचं, आपापली टिपणं एकमेकांना सांगायची, काही वेगळं सापडलं असेल तर दाखवायचं, आणि एकमेकांना उत्तेजन द्यायचं. आठांपैकी सहा युरोपीय आणि दोन आपले : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन हे वनस्पतींचे जाणकार, रखमाबाईंचे सावत्र वडील. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे धाकटे भाऊ.

इथे क्षणभर थांबतो, कारण या तर्खडकरांच्या घराला गप्प बसण्याचा एक मोठा धडा मिळालेला होता. दादोबांचा संबंध होता त्या परमहंस सभेशी. 1849 च्या सुमाराची ही गुप्त सभा. आत जातिभेद मोडायचा, बाहेर चकार शब्द काढायचा नाही. 1860 च्या सुमारास सभेचे कागद चोरीला गेले, सभासदांची नावं फुटणार म्हणून घबराट झाली आणि सभा विरून गेली. विचार होते, धैर्यही थोडंफार होतं, पण स्वतःच्या नावाने उघड बोलायची तयारी नव्हती. 1867 चा प्रार्थना समाज मात्र उघड्यावर निघाला. आता तुम्ही म्हणाल, जातिभेद कुठे आणि पक्षी कुठे! बरोबर आहे, पण मनाचा अडथळा त्याच जातीचा आहे. बोललो तर लोक माझं नाव घेऊन काय म्हणतील? पक्ष्याचं नाव चुकलं तर हसतील? लहान संकोच आणि मोठी भीती एकाच कुळातल्या.

1886 मध्ये सोसायटीचं नियतकालिक निघालं. पहिल्या संपादकांपैकी एक होते ई. एच. एटकन. हे साताऱ्यात जन्मलेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवायचे, पुढे मीठ आणि जकात खात्यात गेले. 'ईहा' या टोपणनावाने त्यांनी घराच्या अंगणातल्या कावळ्या-चिमण्यांवर, उंदीर-मुंग्यांवर फार गमतीदार लेख लिहिले. म्हणजे या नियतकालिकाच्या उंबरठ्यावर जो माणूस उभा होता, त्याला अंगणातला कावळासुद्धा लिहिण्याजोगा वाटत होता. याचा परिणाम होतो हो! दारात कोण उभा आहे यावर आत कोण येणार हे ठरतं.

या नियतकालिकात शेवटी किरकोळ टिपांचा एक विभाग असायचा. मोठे निबंध पुढे आणि मागे या टिपा : कुणी, कुठे, कोणत्या तारखेला, काय पाहिलं. कधी अर्धं पान, कधी चार ओळी. मला जर कुणी विचारलं की भारतातल्या निसर्गविज्ञानाची सर्वात लोकशाही जागा कोणती, तर मी या मागच्या पानांकडे बोट दाखवीन. तिथे सिद्धान्त लागत नव्हता. पाहिलेलं असणं आणि खरं सांगणं, एवढीच अट.

आता एका मुलाची गोष्ट. खेतवाडीत राहणारा, आठ-दहा वर्षांचा, छर्‍याच्या बंदुकीने चिमण्या मारणारा. 1906-07 च्या सुमारास त्याने एक नोंद लिहिली. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खुंटीवर. मुलाने नर मारला. थोड्या वेळाने बघतो तर दुसरा नर येऊन बसलेला. त्यालाही मारला. सात दिवसांत असे आठ नर! आपल्या नेमबाजीची फुशारकी म्हणून त्याने हे लिहून ठेवलं होतं. पण पक्ष्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती ही नोंद पडली तर तो सरसावून बसेल : जोडीदार गेला की इतक्या झटपट दुसरा येतो, म्हणजे आसपास बिनघरट्याचे नर किती असतील! हा मुलगा म्हणजे सालिम अली. ती नोंद अनेक दशकांनी छापली गेली, 1985 साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्रातही तिला जागा मिळाली. लिहिणाऱ्याला आपण काय लिहिलंय हे लिहिताना माहीत नव्हतं, हे माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचं. नोंदीची किंमत लिहिणाऱ्याने ठरवायची नसते, कारण त्या वेळी ती त्याला ठरवताच येत नाही.

आणि याच मुलाने पुढे 1908 च्या सुमारास एक पिवळ्या गळ्याची चिमणी मारली. ही कोणती, म्हणून मामांनी त्याला सोसायटीत पाठवलं. दहा-अकरा वर्षांचं पोर, समोर मोठं दार, आत साहेब. सचिव होते डब्ल्यू. एस. मिलार्ड. त्यांनी पक्ष्याचं नाव सांगून मुलाला वाटेला लावलं असतं तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी त्याला आत नेलं, कपाटं उघडून भारतातल्या पक्ष्यांचे नमुने दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. आपण सालिम अलींचं चरित्र सांगतो तेव्हा चिमणीला श्रेय देतो. मी थोडं मिलार्डसाहेबांच्या पदरात टाकतो.

तिसरं नाव झफर फतेहअली. 1960 साली त्यांनी मुंबईतून 'न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स' सुरू केलं. सुरुवातीला सायक्लोस्टाइल केलेले कागद, दर महिन्याला वर्गणीदारांना टपालाने. तुमच्यापैकी ज्यांनी सायक्लोस्टाइलची शाई हाताला लावून घेतली आहे ते हसतायत बघा. (हशा) सोसायटीचं नियतकालिक तोवर शास्त्रीय आणि भारदस्त झालं होतं. नवख्या माणसाला तिथे पाय ठेवायला भीती वाटायची. या सायक्लोस्टाइलच्या कागदांची कुणाला भीती वाटणार? संकोच कमी करायचा तर कधी कधी कागदही साधा लागतो. फतेहअलींनी 2003 पर्यंत, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं, ते संपादित केलं. शाळकरी मुलांपासून निवृत्त न्यायाधीशांपर्यंत कुणीही तिथे लिहावं, असा तो कारभार होता.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण इतिहास सांगताना रिकाम्या खुर्च्याही मोजाव्या लागतात. या सगळ्या टिपा इंग्रजीत होत्या. पक्षी ज्यांना खरोखर माहीत होते त्यांतले किती जण तिथे लिहू शकत होते? बिहारचे मीरशिकारी पिढ्यान् पिढ्या पक्षी जिवंत पकडत आलेले. त्यांच्या हातांशिवाय पक्ष्यांच्या पायांत वाळे घालण्याचं काम उभं राहिलं नसतं. आपल्याकडचे फासेपारधी, तित्तिराचा आवाज काढून तित्तिराला बोलावणारे लोक. ब्रिटिशांनी त्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारला. ज्याच्यावर शिक्का आहे तो "मी अमुक दिवशी अमुक रानात होतो" असं लिहून देईल का? तेव्हा दोन प्रकारची शांतता वेगळी ठेवा. एक संकोचाची. दुसरी लादलेली. पहिल्या शांततेला आमंत्रण पुरतं. दुसरीच्या बाबतीत आपल्यालाच उठून जावं लागतं, त्यांच्या भाषेत विचारावं लागतं. मारुती चितमपल्लींनी ते केलं. वनखात्यातली सगळी नोकरी रानातल्या माणसांचं ऐकण्यात घालवली, पक्ष्यांची आणि झाडांची नावं त्यांच्या तोंडून गोळा केली आणि मराठीत आणली. त्यांचा 'पक्षीकोश' चाळताना मला पक्ष्यांइतकीच ती न लिहिणारी माणसं दिसतात.

वाळ्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत जी हलकी वाळी घातली, त्यांवर क्रमांक आणि एक सूचना कोरलेली असते. अर्थ असा की मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेला कळवा. कुणाला कळवा म्हणतायत? ज्याला कुणाला हा पक्षी सापडेल त्याला! मध्य आशियातला शिकारी असो, नाहीतर तळ्याकाठचा कोळी. पत्ता नाही, ओळख नाही, पात्रतेची अट नाही. पक्ष्याच्या पायाला बांधून पाठवलेलं असं निमंत्रण मी दुसरं पाहिलेलं नाही. आणि लोकांनी कळवलं! पक्षी कुठून येतात, कुठे जातात, हे आपल्याला त्या कळवण्यामुळे समजलं.

आता थोडं माझ्या विषयाकडे येतो, घाबरू नका, थोडंच. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलंय. म्हणजे विश्वासू माणसाने सांगितलेलं हा ज्ञानाचा एक स्वतंत्र मार्ग. विश्वासू माणूस म्हणजे 'आप्त'. मराठीत आपण आप्त म्हणजे नातेवाईक समजतो आणि त्यांच्यावर कितपत विश्वास ठेवायचा हा वेगळा विषय आहे. (हशा) वात्स्यायनाने भाष्यात आप्ताचं जे लक्षण सांगितलंय त्याचा भावार्थ असा : ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशी इतरांना कळावी या इच्छेने जो बोलायला प्रवृत्त होतो, तो आप्त. पुढे तो म्हणतो, हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छालाही सारखंच लागू आहे. पदवी, कूळ, काही आड येत नाही.

पण माझं लक्ष त्या 'इच्छे'वर खिळतं. नुसतं जाणणं पुरत नाही. सांगण्याची इच्छा नसेल तर तो माणूस जाणकार असेल, आप्त नव्हे. त्याचं ज्ञान दुसऱ्या कुणाचं प्रमाण होऊ शकत नाही. कुणी म्हणेल, ऐकणं हीदेखील साधनाच आहे. श्रवण, मनन, निदिध्यासन. मान्य. मी गप्प ऐकणाऱ्याला कमी लेखत नाही. ऐकणारेच नसतील तर आम्ही बोलायचं कुणापुढे? पण श्रवणाने घेणं होतं. जे आपल्याजवळ आहे आणि इतर कुणाजवळ नाही, ते देणं राहतंच.

आता माझी स्वतःची गोष्ट, आणि ही सांगताना मला बरं वाटत नाही. माझे एक ज्येष्ठ सहकारी होते, गणित शिकवायचे. दर वर्षी उन्हाळ्यात पावश्या पहिल्यांदा कधी ओरडला ती तारीख ते रोजनिशीत लिहायचे. पावश्या म्हणजे तोच, ज्याच्या ओरडण्यातून शेतकऱ्याला "पेरते व्हा" ऐकू येतं. सोबत पहिला वळीव, पहिला काजवा, घरामागच्या तळ्यावर बदकं कधी आली ते. सव्वीस-सत्तावीस वर्षं, एकाच गावात, एकाच घरातून. मला ते अधूनमधून चहाच्या वेळी सांगायचे आणि वर म्हणायचे, "आपली आपली करमणूक हो, त्यात काय!" मी त्या काळात कॉलेजच्या ग्रंथालयात ते 'न्यूजलेटर' नियमाने वाचायचो. स्वतः एक ओळ कधी पाठवली नाही. मी तत्त्वज्ञानाचा, आपण कशाला तिथे लुडबुड करायची! आणि त्या इतक्या वर्षांत एकदाही मी त्यांना म्हणालो नाही की, सर, या तारखा कुठे तरी पाठवू या, मी लिहून काढतो.

ते गेले. काही महिन्यांनी मी घरी गेलो, विषय काढला. मुलाने सांगितलं, घर आवरताना जुन्या वह्या रद्दीत दिल्या. त्याचा काही दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की त्यात काही आहे. ऋतू बदलतायत, पाऊस पुढेमागे होतोय, याची आज एवढी चर्चा आहे; त्या एका गावाचं सत्तावीस वर्षांचं उत्तर किलोच्या भावाने गेलं. सिमल्याचा नोकर आणि मी, यांत फरक काय? त्याला निदान वाचता येत नसेल. मला वाचता येत होतं.

म्हणून मी म्हणतो, गप्प राहण्याची जबाबदारी एकट्या गप्प राहणाऱ्यावर टाकू नका. शेजारी बसून ज्याने विचारलं नाही, त्याचाही वाटा त्यात आहे.

आता आजचं एक उदाहरण देतो. 2023 साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर जो अहवाल आला, त्यात 942 जातींचा आढावा आहे. तो 30,000 हून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या 3 कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे. एवढे शास्त्रज्ञ आपल्याकडे कुठून येणार? ही गॅलरीत, गच्चीवर, तळ्याकाठी उभी राहिलेली माणसं. आणि यात सर्वात उपयोगी नोंद कोणती, तर साधी पूर्ण यादी : अमुक वेळात मला जे जे दिसलं ते सगळं, कावळ्या-साळुंक्यांसकट. दुर्मिळ पक्षी सगळेच कळवतात. नेहमीचे पक्षी कुणी लिहीत नाही, आणि कमी झाले की मग विचारतात, पूर्वी किती होते?

चिमणीचंच बघा. चिमण्या संपल्या असं आपण सगळे म्हणतो. 2020 च्या अहवालात असं दिसलं की देशभराचा विचार केला तर गेल्या 25 वर्षांत त्यांची संख्या साधारण टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र घट आहे. पण त्याच्याही आधी आपापल्या वाड्यात चिमण्या किती होत्या? कुणीच मोजल्या नाहीत. "चिमण्या काय मोजायच्या?" पुन्हा तेच : त्यात काय सांगायचं!

आता शेवटाकडे येतो. जे संस्था चालवतात, छंदाचे गट चालवतात, त्यांना माझं सांगणं : "कुणीही बोला" असं सगळ्यांना म्हणू नका. सगळ्यांना म्हटलेलं कुणालाच ऐकू येत नाही. एकेकाला नावाने विचारा, आणि छोटं विचारा. "अनुभव सांगा" म्हटलं की माणूस दडपतो, "तुमच्याकडे पहिला पावश्या कधी ओरडला?" म्हटलं की तारीख सांगतो. चूक झाली तर चारचौघांत दुरुस्त करू नका, बाजूला घेऊन सांगा. आणि ज्याने दिलं त्याचं नाव लावा. त्या मागच्या पानांवरच्या चार ओळींखालीही नाव असायचं.

आणि जे मागच्या रांगेत बसले आहेत, त्यांना : तारीख, जागा, काय पाहिलं, किती पाहिलं. खात्री नसेल तर "खात्री नाही" असं लिहा. त्याने नोंद खोटी होत नाही, प्रामाणिक होते. मोल ठरवायचं काम तुमचं नाही, ते पुढच्यांवर सोडा. वयाने मोठे असाल तर आजच रात्री घरी सांगून ठेवा की, कपाटातल्या या वह्या रद्दीत द्यायच्या नाहीत.

मी आता थांबतो. अध्यक्ष महाराज विचारण्याआधी मीच विचारतो, आणि छोटंच विचारतो. सहाव्या-सातव्या रांगेपासून मागे बसलेल्यांपैकी कुणी तरी सांगा : तुमच्या घराच्या आसपास लहानपणी नेहमी दिसणारा आणि आता न दिसणारा एक पक्षी कोणता, आणि तो शेवटचा साधारण कोणत्या वर्षी पाहिलात? मला आज जिन्यात काही ऐकायचं नाही. इथेच सांगा. मी वही उघडून बसलोय.